तुटलेला धागा, थांबलेला माग: जपानी मोटारींच्या विश्वासार्हतेचा आढावा

मोटारीविषयी बोलताना 'गुणवत्ता' आणि 'विश्वासार्हता' हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. परंतु त्यांचे अर्थ वेगळे आहेत आणि जपानी कंपन्यांची तुलना करताना हा फरक सुटला की निष्कर्षही सुटतो. गुणवत्ता म्हणजे गाडीची घडण: पत्रा, रंग, सांधे, आसने आणि अपघातात आतल्या माणसांना मिळणारे संरक्षण. विश्वासार्हता म्हणजे रोज किल्ली फिरवताच गाडी सुरू होईल आणि ठरल्या ठिकाणी पोहोचवील, ही वर्षानुवर्षे न ढळणारी खात्री. यांच्या जोडीला तिसरा निकष धरावा लागतो, तो दुरुस्तीच्या सोयीचा, कारण बिघाड कोणत्याही यंत्रात होतोच आणि झालेला बिघाड किती अंतरावर, किती दिवसांत व किती खर्चात निघतो, यावर त्या यंत्राची मालकाच्या दृष्टीने असलेली किंमत ठरते. पुण्या-मुंबईत हा तिसरा निकष जवळजवळ अदृश्य असतो. गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरीसारख्या तालुक्याच्या गावी मात्र तोच पहिला ठरतो.

आरमोरी हे वैनगंगेच्या काठचे, धानाच्या बांध्यांनी आणि जंगलाने वेढलेले गाव आहे. नागपूरहून नागभीड-ब्रह्मपुरीमार्गे येणारा रस्ता येथे देसाईगंज-गडचिरोली रस्त्याला मिळतो. जिल्ह्यात रेल्वेचे स्थानक दीर्घकाळ एकच, देसाईगंजचे म्हणजे वडसा, राहिल्यामुळे रुग्ण, विद्यार्थी, बाजारहाट, लग्नाचे वऱ्हाड हे सारे रस्त्यावरच अवलंबून राहिले. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, आणि झाडीपट्टी नाटकांचे दिवस सुरू झाले की माणसे रात्र-रात्र जंगलातून ये-जा करतात, आणि ज्या भागात वाघांचा वावर आहे व 2021 पासून रानटी हत्तींचा कळपही आला आहे, तेथे मध्यरात्री गाडी बंद पडणे याचा अर्थ शहरातील अर्थापेक्षा फार वेगळा असतो. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, पावसाळ्यात नाले रस्त्यावर येतात, आणि दक्षिणेकडे भामरागडसारखा तालुका पर्लकोटा नदीच्या पुराने पुन्हा पुन्हा तुटतो. यंत्राची परीक्षा घ्यायची तर याहून कठोर जागा शोधावी लागणार नाही.

आरमोरीची दुसरी ओळख कोशाची आहे. ऐन व अर्जुनाच्या झाडांवर वाढवलेल्या टसर रेशीमकिड्यांच्या कोशांचे सूत येथे हातमागावर विणले जाते, आणि मागावर बसणाऱ्याला ठाऊक असते की ताण्यातला एक धागा तुटला व तो वेळीच दिसला नाही, तर पुढचे सारे कापड सदोष निघते. जपानी मोटारींच्या विश्वासार्हतेचे मूळ याच अडचणीत आहे. साकिची टोयोडा या सुताराच्या मुलाने आयुष्यभर माग सुधारण्याचे काम केले आणि 1924 मध्ये त्याचा 'जी' प्रकारचा स्वयंचलित माग पूर्ण झाला, ज्यात धागा तुटताच माग आपोआप थांबत असे. 1929 मध्ये इंग्लंडमधील प्लॅट ब्रदर्स या माग बनवणाऱ्या नामांकित कंपनीने या मागाचे हक्क विकत घेतले, साकिचीच्या मुलाने, किइचिरोने, मोटारींकडे लक्ष वळवले आणि 1937 मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. 'दोष दिसताच थांबणे' या तत्त्वाला जपानीत 'जिदोका' म्हणतात. कारखान्यातील साध्या कामगारालाही दोरी ओढून सबंध जुळणीची साखळी थांबवण्याचा अधिकार असतो, कारण सदोष भाग पुढे जाऊन गिऱ्हाइकाच्या दारी उघडा पडण्यापेक्षा कारखान्यातच काम थांबणे स्वस्त पडते. सुझुकीचीही सुरुवात मागातूनच झाली: मिचिओ सुझुकी याने 1909 मध्ये हामामात्सू येथे माग बनवण्याचा कारखाना काढला आणि मोटार त्या घराण्याकडे 1955 मध्ये आली. भारतीय रस्त्यांवर सर्वाधिक भरवशाची ठरलेली दोन जपानी नावे अशी विणकरांच्या उपयोगी पडण्याच्या धडपडीतून निघाली आहेत, ही गोष्ट कोशाच्या गावाने अभिमानाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

भारतात जपानी तंत्राचा पहिला मोठा प्रवेश मारुतीमुळे झाला. 1982 मध्ये मारुती उद्योग आणि सुझुकी यांचा करार झाला व 14 डिसेंबर 1983 रोजी पहिली मारुती 800 गिऱ्हाइकाच्या हाती पडली. त्याआधी भारतीय मध्यमवर्गाला ॲम्बॅसडर आणि मुंबईच्या कुर्ला येथे बनणारी प्रीमियर पद्मिनी हीच दोन नावे मुख्यतः ठाऊक होती, आणि घाट चढताना बोनेट उघडून पाणी ओतणे हा प्रवासाचाच भाग मानला जाई. तीन सिलिंडरच्या 796 सीसी इंजिनाच्या या लहान गाडीने ती सवय मोडली. तिच्यात नवलाचे तंत्र फारसे नव्हते; कमी भाग, हलके वजन आणि प्रत्येक भाग अचूक मापाचा, एवढ्यावरच तिचा भरवसा उभा होता. ती इतकी पसरली की तिचे सुटे भाग गावोगावच्या दुकानांत आले आणि तिचे इंजिन खोलू-बसवू शकणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी तयार झाला.

सुझुकीच्या कणखरपणाचा सर्वांत ठसठशीत पुरावा शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातील सफारीसाठी वर्षानुवर्षे मारुती जिप्सी वापरली गेली. 1985 मध्ये आलेली ही गाडी शिडीसारख्या पोलादी चौकटीवर बसवलेली आहे, म्हणजे इंजिन, चाके व वरचा साचा हे सारे एका स्वतंत्र मजबूत सांगाड्यावर टेकलेले असते, आणि चारही चाकांना ताकद देण्याची सोय तिच्यात आहे. आरामाच्या दृष्टीने ती जुन्या पद्धतीच्या पाट्यांच्या स्प्रिंगांवर खडखडत जाते. पण धुळीत, चिखलात, पहाटेच्या थंडीत आणि मे महिन्याच्या भट्टीत ती चालत राहिली, आणि 2019 मध्ये तिचे सर्वसाधारण उत्पादन थांबल्यावरही जंगलाच्या वाटांवरून तिचे काम संपले नाही.

मात्र सुझुकीच्या बाबतीत विश्वासार्हता आणि गुणवत्ता यांच्यातील दरी स्पष्टपणे सांगितली पाहिजे. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतीय गाड्यांची धडक-चाचणी घेतली, तेव्हा न थांबता चालणाऱ्या अल्टो 800 ला प्रौढांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नाही. जी गाडी कधी बंद पडत नाही ती आतल्या माणसाला वाचवीलच असे नाही, हा धडा भारतीय गिऱ्हाइकाला उशिरा मिळाला. 2024 मध्ये नव्या डिझायरने त्याच संस्थेकडून पाच तारे मिळवले, म्हणजे हलका पत्रा ही सुझुकीची अपरिहार्यता नव्हती. गिऱ्हाइकाने मागितले नाही तोवर ते दिले गेले नाही, आणि हा दोष गंभीर आहे.

टोयोटाच्या भारतातील वाटचालीला मराठी उद्योगाचा हात आहे. लोखंडी नांगरांसाठी प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याशी तिची भागीदारी 1997 मध्ये झाली, बंगळुरूजवळ बिडदी येथे कारखाना निघाला आणि 2000 मध्ये क्वालिस, 2005 मध्ये इनोव्हा आली. दिसण्यात क्वालिस जुन्या वळणाची होती, तरी भाड्याच्या गाड्यांच्या धंद्यात ती पाहता पाहता रुळली. त्याचे कारण अभियांत्रिकीच्या एका वृत्तीत आहे: टोयोटा इंजिनातून जितकी ताकद काढता येईल तितकी काढत नाही, राखीव ठेवते. भागांवरचा ताण मर्यादेच्या बराच खाली राहिला की झीज मंदावते, आणि म्हणून लाखो किलोमीटर चाललेली इनोव्हा जुन्या बाजारातही भाव टिकवून धरते. शिडीची चौकट असलेल्या इनोव्हा क्रिस्टा व फॉर्च्युनर या गाड्या खड्ड्यांना दाद देत नाहीत. निव्वळ यंत्र म्हणून पाहिले तर जपानी ब्रँडमध्ये टोयोटाचा पहिला क्रमांक वादातीत आहे, आणि अमेरिकेतील कन्झ्युमर रिपोर्ट्ससारख्या ग्राहक-संस्थेच्या पाहण्यांतही टोयोटा व तिची लेक्सस ही नावे वर्षानुवर्षे वरच्या रांगेत असतात. अडचण किमतीची आहे; धानाच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घराला ही गाडी सहसा भाड्यानेच मिळते. 2019 पासून टोयोटाने सुझुकीची बलेनो ही गाडी ग्लान्झा या नावाने विकायला घेतली, त्यामुळे बोधचिन्ह टोयोटाचे असले तरी यंत्र सुझुकीचे, अशी स्थिती आली आहे; अशा गाडीला इनोव्हाचा लौकिक लावणे चूक ठरेल.

होंडाचे बलस्थान पेट्रोल इंजिन आहे. 1998 मध्ये आलेल्या सिटीने गुळगुळीत चालणारे, जोरात फिरूनही न कुरकुरणारे इंजिन काय असते ते भारतीयांना दाखवले. परंतु सिटीसारखी गाडी जमिनीपासून फार उंच नसते, आणि मुरमाच्या रस्त्यावर, चाकोऱ्यांमध्ये किंवा नाल्यावरच्या खचलेल्या रपट्यावर तिचे पोट घासते. इंजिन निर्दोष आणि तळ जखमी, अशी तिची या भागातली कहाणी आहे.

उरलेल्या ब्रँडबद्दल थोडक्यात सांगता येते. मित्सुबिशीची पजेरो दणकट होती. पण कंपनीचा भारतातील व्यवहार आक्रसत गेला आणि मागे राहिलेल्या गाड्यांना सुटे भाग मिळणे अवघड झाले. निस्सानने 2014 मध्ये डॅटसन हे जुने नाव पुन्हा आणले, 2022 मध्ये ते बंद केले. इसुझूची डी-मॅक्स कामाचे वाहन म्हणून उत्तम आहे, तरी कंपनीच्या कार्यशाळा मोजक्या आहेत. या तिन्ही कंपन्यांचे यंत्र वाईट नाही. कंपनीने पाठ फिरवली की चांगले यंत्रही बेवारस होते, एवढाच त्याचा अर्थ.

याचा जुना दाखला 1980 च्या दशकात सापडतो. तेव्हा डीसीएम टोयोटा, ऑल्विन निस्सान, आयशर मित्सुबिशी आणि स्वराज माझदा अशा चार जपानी भागीदाऱ्या हलके मालट्रक घेऊन एकाच वेळी उतरल्या. 1985 नंतर येन महागला, आयात भागांच्या किमती चढल्या, आणि 1986 मध्ये टाटांनी 407 हा देशी ट्रक बाजारात उतरवला, जो भारतीय वाहतूकदाराच्या जादा भाराची सवय गृहीत धरूनच बांधला होता व ज्याची दुरुस्ती कुठेही होत असे. तो टिकला, टोयोटा व निस्सान यांच्या भागीदाऱ्या मिटल्या. आजही गडचिरोलीच्या आतल्या भागात माणसे व माल यांची ने-आण महिंद्राची बोलेरो आणि फोर्सची ट्रॅक्स यांसारख्या देशी गाड्यांतूनच मोठ्या प्रमाणात होते.

जपानी शिस्त ही जपान्यांच्या रक्तात असते, हा समज मात्र दोन बाजूंनी खोटा ठरला आहे. 2003 मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला, ज्याचा एक कारखाना नागपूरला आहे, जपानचा डेमिंग पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांच्या नावाने 1951 पासून गुणवत्ता-व्यवस्थापनासाठी दिला जातो, म्हणजे ही शिस्त शिकता येते आणि विदर्भातही ती शिकली गेली आहे. दुसरीकडे मित्सुबिशीने ग्राहकांच्या तक्रारी दडवल्याचे 2000 मध्ये आणि इंधन-खपाचे आकडे फिरवल्याचे 2016 मध्ये उघड झाले. 2023 च्या अखेरीस टोयोटाच्या मालकीच्या दाइहात्सूत सुरक्षा-चाचण्यांतील गैरप्रकार सापडले. जानेवारी 2024 मध्ये तर टोयोटा इंडस्ट्रीजने डिझेल इंजिनांच्या ताकदीच्या चाचण्यांत फेरफार केल्याचे बाहेर आले आणि भारतातही क्रिस्टा, फॉर्च्युनर व हायलक्स यांचा पुरवठा काही दिवस थांबवावा लागला. टोयोटा इंडस्ट्रीज म्हणजे 1926 मध्ये साकिची टोयोडाचे माग बनवण्यासाठी काढलेली तीच मूळ कंपनी. जिथे थांबणारे माग बनले, तिथेच धागा तुटूनही माग चालू ठेवला गेला, हे विशेष क्लेशकारक आहे. पुरवठा थांबवून चूक जाहीर केली गेली, हे त्यातल्या त्यात श्रेयाचे.

आरमोरीच्या निकषांवर निवाडा करायचा तर असा होतो: यंत्राच्या टिकाऊपणात टोयोटा पहिली, पण स्वतःच्या पैशाने गाडी घेणाऱ्या साधारण कुटुंबासाठी सुझुकीच योग्य, कारण तिचा बिघाड गावात किंवा फार तर गडचिरोली-ब्रह्मपुरीत निघतो आणि त्यासाठी नागपूरची सव्वाशेहून अधिक किलोमीटरची फेरी पडत नाही, घेताना मात्र सुरक्षेचे तारे पाहूनच मॉडेल निवडावे. होंडा डांबरी रस्त्यावरच्या माणसाची गाडी आहे. बाकीच्या ब्रँडची जुनी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट तातडीची आहे. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधील स्फोटक भरणा उष्णता व दमटपणाने कालांतराने बिघडतो, आणि मग धडकेच्या वेळी धातूचे तुकडे माणसावर उडू शकतात. या दोषापायी जगभर कोट्यवधी एअरबॅग परत मागवल्या गेल्या व 2017 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. भारतात होंडाच्या सिटी, जॅझ, सिव्हिक, अकॉर्ड अशा अनेक गाड्या त्यात आहेत, आणि चंद्रपूर-गडचिरोलीचे हवामान हा बिघाड वाढवणारेच आहे. परत मागवल्याची सूचना बहुधा पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते, तिसऱ्या मालकापर्यंत ती पोहोचत नाही. ज्यांच्या दारात अशी जुनी गाडी आहे त्यांनी नोंदणी-पुस्तिकेतील चेसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत कार्यशाळेत तपासून घ्यावा. सदोष भाग कंपनी विनामूल्य बदलून देते.