नदीचे नाव, मुलीचे नाव

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या पणजीच्या आणि तिच्या आईच्या पिढीतील बायकांची नावे घरात विचारून पाहा. गंगाबाई, यमुनाबाई, गोदावरी, कृष्णाबाई, भागीरथी, नर्मदा, तापी... जणू भूगोलाच्या पुस्तकातील नद्यांची यादीच! एके काळी ही नावे महाराष्ट्रात घरोघर ऐकू येत. पण याच यादीत बसणारे एक नाव मात्र मराठी घरांत क्वचितच ठेवले गेले. ते म्हणजे इरावती. तुमच्या वर्गाच्या हजेरीपटावर ते बहुधा सापडणार नाही. तरीही पुण्यात हे नाव अनेकांना ठाऊक आहे, ते मानववंशशास्त्रज्ञ डॉ. इरावती कर्वे यांच्यामुळे.

या नावाचा अर्थ काय? ते आले कोठून? आणि एखादे नाव किती प्रचलित आहे हे मोजायचे तरी कसे? एकेक प्रश्न घेऊ.

शब्दाची फोड

संस्कृतमध्ये 'इरा' म्हणजे पाणी, पेय, अन्न; थोडक्यात पोषण करणारी वस्तू. 'वती' हा प्रत्यय 'असलेली' असा अर्थ दाखवतो. गुणवती म्हणजे गुण असलेली, पद्मावती म्हणजे कमळे असलेली. त्याप्रमाणे इरावती म्हणजे जिच्याजवळ भरपूर पाणी आहे अशी, पोसणारी. नदीला याहून योग्य नाव कोणते?

याच शब्दाचे पुल्लिंगी रूप महाभारतात भेटते. अर्जुन आणि उलूपी यांच्या मुलाचे नाव इरावान. इंद्राच्या हत्तीचे 'ऐरावत' हे नावही याच शब्दघराण्यातले. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' या नाटकात राजा अग्निमित्राच्या एका राणीचे नाव इरावती आहे. म्हणजे हे मुलीचे नाव म्हणूनही जुनेच आहे. ते कोणी नव्याने घडवलेले नाही.

इरावतीची रावी कशी झाली?

पंजाबातील रावी नदी तुम्हाला माहीत आहे. तिचे संस्कृत नाव इरावती. मग 'इ' आणि 'त' गेले कोठे?

भाषा बोलता बोलता झिजते, पण ती कशीही झिजत नाही. तिच्या झिजण्याला नियम असतात. संस्कृतातून प्राकृत भाषा घडत असताना दोन स्वरांच्या मधला 'त' पुष्कळ ठिकाणी गळून पडला. 'माता'ची 'माय' झाली. 'जाती' या फुलवेलीची 'जाई' झाली. तसाच इरावतीमधला 'त' गेला, पुढे सुरुवातीचा 'इ'ही गेला आणि उरली रावी. ग्रीक इतिहासकार एरियन याने अलेक्झांडरच्या स्वारीचे वर्णन करताना या नदीला 'हायड्राओटिस' म्हटले आहे. हे इरावतीचेच ग्रीकांच्या तोंडी बसलेले रूप होय.

दुसरी इरावती

आता पंजाबातून थेट पूर्वेकडे, ब्रह्मदेशात म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये जाऊ. तेथील सर्वांत मोठी नदी सुमारे २,१०० किलोमीटरहून अधिक लांब आहे. ती उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत जाऊन अंदमान समुद्राला मिळते. तिचेही नाव इरावती! ब्रह्मी लिपीत ते 'एरावती' असेच लिहितात. पण आजच्या ब्रह्मी बोलण्यात 'र'चा उच्चार 'य'सारखा होतो, म्हणून ऐकताना ते 'एयावदी' असे काहीसे वाटते.

ब्रह्मी भाषा संस्कृतच्या कुळातली नाही. ती तिबेटी-ब्रह्मी गटातली आहे. मग हा शब्द तेथे कसा? बौद्ध धर्माबरोबर पाली आणि संस्कृत शब्द त्या देशात गेले, आणि त्यांतलाच हा एक. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. शब्द सारखा असला म्हणजे तो वापरणारी माणसे एकाच वंशाची असतात असे नाही. शब्दाला प्रवास करायला रक्ताचे नाते लागत नाही.

नावावरून घाईने अनुमान काढू नये, याचे प्राणिशास्त्रातही एक उदाहरण आहे. 'इरावती डॉल्फिन' हा प्राणी या ब्रह्मी नदीत राहतो, म्हणून त्याला हे नाव पडले. पण तो ओडिशातील चिलिका सरोवरातही राहतो, आणि शास्त्रज्ञांनी १८६६ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले ते विशाखापट्टणम येथे मिळालेल्या नमुन्यावरून!

ब्रह्मदेशातून पुण्यात

१९०५ साली ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. तो वेगळा झाला १९३७ मध्ये. नोकरीनिमित्त तेथे गेलेल्या करमरकर नावाच्या मराठी कुटुंबात १५ डिसेंबर १९०५ रोजी मिंगयान येथे एक मुलगी जन्मली. मिंगयान हे इरावतीकाठचे गाव. आईवडिलांनी नदीचेच नाव मुलीला दिले. महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी मुलीला गोदावरी म्हणावे, तसेच हे. फक्त नदी वेगळी होती.

ही मुलगी शिक्षणासाठी पुण्याला आली. हुजूरपागेची शाळा आणि फर्ग्युसन महाविद्यालय येथे ती शिकली. १९२८ मध्ये ती जर्मनीला गेली. बर्लिनला तिने मानवी कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरकाचा अभ्यास केला. तिचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशावंशांत उच्चनीचता मानणारे होते. पण कवटीच्या अशा फरकाचा वंशाशी संबंध असल्याचे तिच्या मोजमापांत दिसले नाही, आणि जे दिसले तेच तिने मांडले. पुढे १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. इरावती कर्वे यांनी संशोधन आणि अध्यापन केले. भारतभर हिंडून निरनिराळ्या भाषांतील नात्यांचे शब्द त्यांनी गोळा केले. त्यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९५३ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. मामा, काका, आत्या, मावशी हे रोजचे शब्द समाजाची रचना सांगतात, हे त्यांनी दाखवून दिले.

बदललेली नावे

नात्यांचे शब्द जर समाजाविषयी बोलतात, तर मुलींची नावे काय सांगतात? खालील माहिती नीट वाचा.

डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळवली. त्यांचे जन्माचे नाव यमुना. पुण्याच्या सेवासदनाच्या रमाबाई रानडे यांचेही माहेरचे नाव यमुनाच. लोकमान्य टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरी तापी होत्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पुण्यात ज्या विधवेशी विवाह केला, त्या आनंदीबाई म्हणजेच बाया कर्वे. त्यांचे आधीचे नाव गोदू. आणि गोदू हे गोदावरीचेच घरगुती रूप. चार मुली, चौघींची नावे नद्यांची, आणि चौघींची लग्नात बदललेली!

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात नदी, वृक्ष किंवा नक्षत्र यांचे नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये असे सांगितले आहे. मग त्यामुळेच ही नावे बदलली असतील का? असे अनुमान काढण्यापूर्वी उलट उदाहरण शोधायला हवे. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक यांचे माहेरचे नाव मनकर्णिका. ते काही नदीचे नव्हे, तरी तेही बदलले. म्हणजे नाव बदलण्याची रूढी सर्वच मुलींना लागू होती. शिवाय तो ग्रंथातला नियम मराठी घरांनी मानलेला दिसत नाही. नाहीतर इतक्या गंगा आणि यमुना जन्मल्याच नसत्या. पुस्तकात काय लिहिले आहे आणि लोक काय करतात, हे दोन्ही वेगवेगळे तपासावे लागते.

इरावतीबाईंचे लग्न बाया कर्वे यांचे पुत्र प्रा. दिनकर कर्वे यांच्याशी झाले. आडनाव करमरकरचे कर्वे झाले, पण इरावती हे नाव तसेच राहिले. त्यांचे सारे लेखन त्याच नावाने झाले. एकाच घरात सासूचे नदीचे नाव गेले आणि सुनेचे राहिले!

मोजायचे कसे?

आता प्रचलितपणाचा प्रश्न. समजा, तुमच्या वर्गाने साठ पणज्यांची नावे गोळा केली. त्यांत नऊ नावे नद्यांची निघाली, तर प्रमाण १५ टक्के झाले. सोपे आहे, नाही का? पण थांबा. तुम्ही नाव कोणते लिहिले? कागदपत्रांवर बहुधा सासरचे नाव असते. म्हणजे यमुना आपल्या यादीत 'आनंदी' म्हणून मोजली जाईल आणि गोदूसुद्धा 'आनंदी' म्हणूनच! नद्यांची नावे खऱ्यापेक्षा कमी आणि आनंदी हे नाव खऱ्यापेक्षा जास्त भरेल. बेरीज बरोबर, पण उत्तर चूक.

म्हणून तुमच्या शिक्षकांच्या मदतीने असा तक्ता करा : जन्माचे नाव, लग्नानंतरचे नाव, जन्माचे अंदाजे वर्ष आणि जन्मगाव. पणजी, आजी, आई आणि वर्गातील मुली अशा चार पिढ्या वेगवेगळ्या मोजा. नद्या, फुले, देवता असे गट पाडा. प्रत्येक पिढीत किती नावे बदलली, तेही टक्क्यांत काढा. ज्यांना सांगायचे नसेल त्यांना आग्रह करू नका. आणि निष्कर्ष लिहिताना हे आकडे केवळ आपल्या शाळेतील कुटुंबांचे आहेत, साऱ्या पुण्याचे नव्हेत, हे नमूद करायला विसरू नका.

तक्त्याचा पहिलाच रकाना भरताना अडचण येईल. पुष्कळ घरांत पणजीचे जन्माचे नाव कोणालाच सांगता येत नाही. ते कोठे लिहिलेले नसते. एखाद्या म्हाताऱ्या आजोबांना किंवा आत्याला तेवढे आठवत असते. तेव्हा मित्रांनो, हे काम सुट्टीवर ढकलू नका. घरातील सर्वांत वयस्कर माणसाला आज संध्याकाळीच विचारा आणि सांगितलेले नाव लगेच वहीत लिहून ठेवा.