चित्रपटांतील संगणक-घुसखोरी : आभास आणि वास्तव

संगणकाचे चित्रण करताना चित्रपट व दूरचित्रवाणी मालिका गणिताची मर्यादा सहज ओलांडतात. प्रस्तुत लेखात 'वॉरगेम्स' (१९८३) या अमेरिकन चित्रपटाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

चित्रपटाच्या अखेरीस लष्करी संगणक क्षेपणास्त्रे सोडण्याचा १० चिन्हांचा संकेत शोधू लागतो. पडद्यावर एकेक चिन्ह सापडते व जागेवर स्थिर होते. प्रत्यक्षात सुरचित प्रणाली संपूर्ण संकेत एकत्रितपणे तपासून तो स्वीकारते किंवा नाकारते. त्यातील कोणते चिन्ह बरोबर आहे, हे ती कळू देत नाही. २६ रोमन अक्षरे व १० अंक गृहीत धरल्यास प्रत्येक स्थान स्वतंत्रपणे उलगडण्यास फार तर ३६० प्रयत्न पुरतील. संपूर्ण संकेतासाठी मात्र ३६ चा दहावा घात, म्हणजेच ३६ कोटी गुणिले १ कोटी याहूनही अधिक शक्यता संभवतात.

याच चित्रपटात नायक डेव्हिड शाळेच्या कार्यालयात लिहून ठेवलेला संकेतशब्द पाहतो व त्याच्या साहाय्याने आपले गुण बदलतो. हा साधा प्रसंग वास्तवाच्या अधिक निकट आहे. दूरध्वनीवरून ओटीपी विचारून होणाऱ्या फसवणुकीतही यंत्रापेक्षा माणसाचा विश्वासच भेदला जातो. घुसखोर अलौकिक बुद्धीचाच असतो, असा समज दृढ झाल्यास सामान्य वापरकर्ता स्वतःच्या सावधगिरीला महत्त्व देत नाही.

म्हणून संगणक साक्षरतेच्या तासिकेत हे दोन्ही प्रसंग दाखवून त्यांवर चर्चा घ्यावी. त्यानंतर एखाद्या विद्यार्थ्याने वहीच्या मागील पानावरील आपला संकेतशब्द खोडला, तरी अध्यापनाचा हेतू साध्य झाला असे म्हणता येईल.