पक्षी : संकेतातला आणि रानातला



मराठी काव्यपरंपरेत पक्षी फार पूर्वीपासून आढळतात. चातक, चकोर, राजहंस ही नावे आपल्या परिचयाची आहेत. परंतु या पक्ष्यांचे कार्य बहुधा सांकेतिक असते. चातक म्हणजे एकनिष्ठा, राजहंस म्हणजे नीरक्षीरविवेक. कवीने तो पक्षी प्रत्यक्ष पाहिलेला असावा, अशी अपेक्षा तेथे नसते.

आधुनिक काळात प्रत्यक्ष पक्षी हाच लेखनाचा विषय झाला. या दृष्टीने मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे साहित्य महत्त्वाचे ठरते. वनाधिकारी म्हणून त्यांनी नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट येथील अरण्ये जवळून पाहिली. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’ या पुस्तकांत निरीक्षण आणि लालित्य एकत्र नांदते. पक्ष्यांच्या वसाहतींसाठी ‘काकागार’, ‘सारंगागार’ असे शब्दही त्यांनी मराठीत रुजवले.

चित्रकलेत जनगढ सिंह श्याम यांचे उदाहरण घ्या. मध्य प्रदेशातील पाटनगढ या गावचे हे परधान गोंड चित्रकार भोपाळच्या भारत भवनात पोहोचले आणि १९८९ मध्ये पॅरिस येथील प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. ठिपक्यांनी व रेषांनी भरलेला त्यांचा पक्षी हुबेहूब नसतो, तरीही तो निव्वळ संकेतही नसतो. तो समूहाच्या स्मृतीतून आलेला असतो.

दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. पक्ष्यांविषयीच्या ज्ञानाचा मोठा साठा रानात राहणाऱ्या माणसांजवळ होता. चितमपल्लींनी तो आदिवासींकडून ऐकून टिपला, तर जनगढ यांना तो वारशाने मिळाला.

आपल्यापैकी काही जण एटापल्ली, भामरागड भागातून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत असतील. घरी माडिया बोलली जात असेल, तर मराठी लिहिताना ती उंबऱ्याबाहेर ठेवावी लागते, हा समज सोडून द्या. आजीला ठाऊक असलेले पाखराचे नाव नातवाला ठाऊक नसेल, तर पक्षी समोर असूनही तो केवळ ‘एक पाखरू’ उरतो. म्हणून नाव टिपणे हे साहित्याचेच काम आहे.

स्वयंअध्ययन : घरातील वडीलधाऱ्यांना एका पक्ष्याचे बोलीतील नाव विचारा. त्याचा आवाज, आवडते झाड व दिसण्याचा ऋतू नोंदवा. त्यावर दहा ओळी लिहा. मात्र पक्ष्याला प्रतीक बनवू नका. नाव सांगणाऱ्याचा उल्लेख अवश्य करा.