एक्सेलमध्ये दडलेलं १९७९ साल

फळाभर हिशेब मांडलाय. विक्री, खर्च, नफा, पुढच्या वर्षांचे अंदाज. एवढ्यात एक आकडा चुकलेला सापडतो. झालं! त्याच्यावर अवलंबून असलेलं सगळं पुसा आणि पुन्हा मांडा. १९७८ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनच्या मनात आलं, एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलतील असा फळा का असू नये?

भराभर गणितं करणं संगणकाला तेव्हाही येत होतं. खरा पेच पुढेच होता. प्रोग्रामिंगचा गंधही नसलेल्या हिशेबनीसाने संगणकाला सांगायचं कसं, की ‘या आकड्याला त्या आकड्याने गुण’? ‘हा’ कोणता आणि ‘तो’ कोणता? प्रत्येक आकड्याला नाव द्यायला लावलं, तर नवखा माणूस पहिल्याच दिवशी कंटाळून उठून जाईल.

ब्रिकलिनची युक्ती बघा. त्याने पडद्यावर चौकोनांचं जाळं टाकलं. उभ्या रकान्यांना अक्षरं, आडव्या ओळींना आकडे. नाट्यगृहातल्या खुर्च्यांसारखा प्रत्येक चौकोनाला आपसूक पत्ता मिळाला: बी३, सी७. आणि गंमत म्हणजे तो पत्ता लक्षातही ठेवायला नको! सूत्र लिहिता लिहिता कर्सर हव्या त्या चौकोनावर न्यायचा, पत्ता सूत्रात उमटतो. बॉब फ्रँकस्टन या मित्राने प्रोग्राम लिहिला आणि १९७९ मध्ये ॲपल टू संगणकावर ‘व्हिजिकॅल्क’ अवतरलं. ६३ रकाने, २५४ ओळी.

पण कर्सर हलवायचा कशाने? त्या संगणकाला माउस नव्हता. ब्रिकलिनने आधी व्हिडिओ गेमचं पॅडल लावून पाहिलं, ते काही पसंत पडलं नाही. मग बाणांची बटणं? ॲपल टूवर ती दोनच होती, डावी आणि उजवी! वर-खाली जायचं कसं? तर स्पेसबार दाबायचा. तेच दोन बाण आता वर-खाली नेऊ लागत. पुन्हा दाबला की आडवे. सध्या कोणती दिशा चालू आहे, ते पडद्याच्या कोपऱ्यातली इवलीशी खूण सांगायची. नसलेली दोन बटणं अशी पैदा झाली!

मला सगळ्यात भुरळ पडते ती मात्र पुढच्या बारकाव्याची. आपण शीर्षक लिहितोय की आकडा, हे व्हिजिकॅल्क विचारतच नसे. ते फक्त पहिलं बटण बघायचं. अक्षर आलं? म्हणजे शीर्षक. अंक आला? म्हणजे हिशेबाची रक्कम. किती साधं! पण थांबा, बी३ या पत्त्याची सुरुवातही अक्षरानेच होते की. मग पत्त्याने सुरू होणाऱ्या सूत्राआधी अधिकचं चिन्ह टाकायचं, म्हणजे संगणकाला कळतं की हे सूत्र आहे. आणि आज्ञा द्यायची असेल तर? तिरकी रेघ दाबायची. लगेच वरच्या ओळीत आज्ञांची अक्षरं हजर. सगळ्या आज्ञा घोकून बसायला नको, समोर दिसतंय त्यातलं एक निवडायचं. माझ्या मते आपोआप बेरीज होण्यापेक्षा हीच मोठी कमाल होती, कारण तिच्यामुळे हिशेबनीस त्या यंत्रासमोर टिकून बसला.

तिरक्या रेघेची ही सवय १९८३ मध्ये आलेल्या ‘लोटस १-२-३’ या तशाच हिशेबाच्या प्रोग्रामने उचलली. लाखो बोटांना ती जडली. पुढे एक्सेलला लोटसचे ग्राहक हवे होते आणि सवय मोडायला लावून ग्राहक कसे मिळणार? म्हणून एक्सेलने तिला घरातच जागा दिली.

विंडोजवरचं एक्सेल उघडा. बरोबरच्या चिन्हाऐवजी अधिकच्या चिन्हाने सूत्र सुरू करा, बिनतक्रार चालतं. मग एखाद्या रिकाम्या चौकोनात नुसती तिरकी रेघ दाबा. सेटिंग कुणी बदललं नसेल, तर वरच्या पट्टीवर अक्षरं उगवतील. करून बघाच.