दुनळी बंदुकीची मूठ : अस्सल कोणती, बदललेली कोणती?

जुनी दुनळी बंदूक समोर आली, की पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम नळ्यांकडे जाते आणि मग बाजूच्या पोलादावरील कोरीवकामाकडे. मुठीकडे सहसा कोणी पाहत नाही. वस्तुतः ती बंदूक कोणत्या कामासाठी घडविली गेली आणि पुढे तिच्यावर काय काय गुदरले, याचा बराचसा वृत्तांत त्या वीतभर लाकडात साठविलेला असतो. तो वाचावा कसा, एवढाच आमच्या विवेचनाचा विषय आहे.

चाप ओढणारा हात दस्त्याचा जो निमुळता भाग धरतो, त्याला आम्ही येथे मूठ म्हणतो. तिचे मुख्य प्रकार तीन. पहिली सरळ मूठ. हिची खालची कड चापापासून मागे सरळ निघून जाते. दुसरी पिस्तुली मूठ. ही खाली ठळकपणे वळते आणि तिच्या टोकाला बहुधा शिंगाची, रबराची किंवा पोलादाची टोपी असते. या दोहोंच्या मधली ती अर्धपिस्तुली. इंग्लंडात तिच्याच एका गोलसर, डौलदार घाटाला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ मूठ म्हणतात.

हे भेद केवळ शोभेसाठी पडलेले नाहीत. दुनळीला बहुधा दोन चाप असतात. पुढचा सामान्यतः उजवी नळी उडवितो, मागचा डावी. उडत्या पाखरावर लागोपाठ दोन बार टाकायचे, तर हात क्षणार्धात किंचित मागे सरकला पाहिजे. सरळ मुठीवर तो सहज सरकतो. उलट पिस्तुली मुठीत हात एका जागी घट्ट बसतो. त्यामुळे जड बंदुकीला, भारी काडतुसांना आणि एकाच चापाच्या रचनेला ती अधिक मानवते.

यावरून एक सोपा ठोकताळा रूढ झाला आहे. इंग्रजी बंदूक सरळ मुठीची, अमेरिकन पिस्तुली मुठीची. याहून निराळे दिसले, की समजावे कोणीतरी फेरफार केला! ठोकताळा म्हणून तो ठीक आहे, परंतु निर्णय म्हणून घातक आहे. कारण त्या काळच्या चांगल्या बंदुका अंगरख्याप्रमाणे गिऱ्हाइकाच्या मापाने घडत. अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या मेरिडेन गावच्या पार्कर बंधूंचा कारखाना घ्या. त्यांच्या सूचिपत्रांत सरळ, अर्धपिस्तुली आणि पूर्ण पिस्तुली अशा तिन्ही मुठींची निवड गिऱ्हाइकावर सोपविलेली असे. तेव्हा एखाद्या पार्करची मूठ सरळ आहे, एवढ्यावरून ती बदललेली ठरत नाही. सामान्य नियम सर्व बंदुकांविषयी बोलतो. आपल्याला हवी असते या एका बंदुकीची साक्ष; आणि ती देणारे साक्षीदार तीन आहेत : लोखंड, लाकूड आणि कागद.

पहिला साक्षीदार लोखंड. चापाभोवती जी कमान असते, तिची एक पट्टी मुठीच्या खालच्या अंगाने मागे जाते. सरळ मुठीच्या बंदुकीत ती लांब आणि सरळ असते, पिस्तुली मुठीच्या बंदुकीत ती बाकानुसार वळविलेली असते. लाकूड तासणे सोपे. पण लाकडाबरोबर पट्टीही सरळ करावी लागते, नाहीतर दुसरी बसवावी लागते. मग तेथे खुणा उरतात. कोरीवकामाची वेल मध्येच तुटते, स्क्रूचे जुने भोक बुजविलेले दिसते. अनेक इंग्रजी बंदुकांच्या या पट्टीवर बंदुकीचा क्रमांक कोरलेला असतो. तो इतर भागांवरील क्रमांकाशी जुळला नाही, तर शंकेला बळकट आधार मिळतो. स्क्रूंच्या खाचा खरवडलेल्या असतील, तर आत कोणीतरी अकुशल हात गेला होता एवढे नक्की.

दुसरा साक्षीदार लाकूड. पिस्तुली मुठीची सरळ करायची म्हणजे तासायचे. मग मूठ प्रमाणाबाहेर बारीक होते आणि लाकूड कडेच्या पोलादापेक्षा खाली बसते. उलट सरळ मुठीची पिस्तुली करायची, तर अक्रोडाचा तुकडा जोडावा लागतो. तेथे सांधा दिसतो आणि लाकडाच्या रेषा त्या सांध्यापाशी अडतात. मुठीवर हात घसरू नये म्हणून बारीक चौकड्यांची कोरणी असते. तशीच ती नळ्यांखालच्या लाकडावरही असते. या दोन्ही ताडून पाहाव्यात. एक झिजून गुळगुळीत आणि दुसरी धारदार, किंवा रेषांची घनता दोहोंत निरनिराळी, असे असेल, तर दोन्ही कामे एका वेळची नव्हेत.

तिसरा साक्षीदार कागद. पार्करच्या मागणीच्या व साठ्याच्या वह्यांपैकी पुष्कळशा टिकल्या आहेत आणि त्यांच्या आधारे तेथील संग्राहकांची संस्था क्रमांकावरून त्या बंदुकीची माहिती कळविते. एल. सी. स्मिथ बंदुकांच्या नोंदी वायोमिंगमधील कोडी येथील संग्रहालयात आहेत. परंतु कागदही विचार करूनच वाचावा. मूठ हा दस्त्याचा सर्वांत अशक्त भाग. बंदूक पडली, की ती बहुधा तेथेच मोडते. अशी मोडकी बंदूक कारखान्यात परत जाऊन नवा दस्ता लेवून येई. म्हणून ‘अस्सल’ या एका शब्दाखाली आपण तीन गोष्टी कोंबतो : कारखान्यातून प्रथम निघाली तशी मूठ, पुढे कारखान्यानेच बदललेली मूठ, आणि भलत्याच हातांनी बदललेली मूठ. यांची गल्लत झाली, की विकणारा व घेणारा दोघेही प्रामाणिक असूनही एकमेकांना लबाड समजू लागतात.

दुरुस्ती हा दोष नव्हे. मोडलेली मूठ सांधून आपले काम चालविणाऱ्या मालकाने काहीच गैर केले नाही. दोष आहे तो दुरुस्ती लपविण्यात, आणि त्याहून मोठा दोष आहे हौसेने पुरावा पुसण्यात. आपल्याकडेही काही घरांत वाडवडिलांची इंग्रजी दुनळी परवान्यावर जपलेली आहे. अशा घरांना आमचे सांगणे एवढेच, की 1959 च्या शस्त्र कायद्याची शिस्त पाळून, बंदूक भरलेली नाही याची आधी खात्री करून, ती जाणत्याकडून तपासून घ्या. क्रमांक आणि मुठीचा घाट टिपून ठेवा. पण तिला ‘नवी’ करण्यासाठी पॉलिशकागद लावू नका. झिजलेली कोरणी आणि काळवंडलेले लाकूड यांना शंभर वर्षे लागलेली असतात. ती पुसायला एक दुपार पुरते, आणि एकदा पुसलेली साक्ष कोणत्याही कारागिराला परत कोरता येत नाही.