सातबारावर ‘अ.पा.क.’ म्हणून काकांचे नाव. म्हणून त्यांना शेत विकता येते का?

छत्रपती संभाजीनगर : कोरोनात २०२१ मध्ये आई-वडील गमावले तेव्हा १२ वर्षांची असलेली मुले २०२७ मध्ये सज्ञान होतील. तोवर त्यांचे शेत सांभाळणाऱ्या नातेवाईकाचीच नियत फिरली तर?

नोंदीचा अर्थ काय?
‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मालक मूलच राहते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ११ नुसार केवळ सांभाळ करतो म्हणून कोणालाही अल्पवयीनाची मालमत्ता विकता येत नाही. एकत्र कुटुंबातील अविभक्त हिश्श्याचे नियम मात्र वेगळे आहेत.

न्यायालयाने पालक नेमला असेल तर?
त्यालाही विक्री किंवा गहाणखतापूर्वी न्यायालयाची परवानगी लागते. विश्वासघात केल्यास १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार त्याला हटवता येते.

मुलाने कुठे जावे?
१०९८ वर फोन करावा किंवा थेट बालकल्याण समितीसमोर जावे. मूल एकटेही जाऊ शकते.

शेत आधीच विकले असेल तर?
पालकाने केलेली विक्री रद्द करून घेण्यासाठी १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून ३ वर्षांत दिवाणी दावा दाखल करावा लागतो. त्यामुळे सातबारा ‘महाभूलेख’वर अधूनमधून पाहावा; नाव बदलले तर तिथेच कळेल.