वाहने डावीकडून की उजवीकडून? देशोदेशीची रीत आणि मोटारींचा बाजार

१९३१ च्या डिसेंबर महिन्यात न्यूयॉर्कमधील फिफ्थ ॲव्हेन्यू हा मार्ग ओलांडताना ब्रिटिश राजकारणी विन्स्टन चर्चिल यांना एका मोटारीने धडक दिली व ते जबर जखमी झाले. ब्रिटनमध्ये वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने, तर अमेरिकेत उजव्या बाजूने चालतात. मायदेशातील सवयीप्रमाणे चर्चिल यांनी भलत्याच दिशेला पाहिले आणि मोटार दुसऱ्या दिशेने आली. एका देशात जीव राखणारी सवय दुसऱ्या देशात जिवावर कशी बेतू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

जगाची सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या डाव्या बाजूने वाहने चालणाऱ्या देशांत राहते. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, थायलंड, इंडोनेशिया व दक्षिण आफ्रिका हे त्यांपैकी प्रमुख होत. अमेरिका, चीन, रशिया आणि युरोपातील बहुतेक देश उजव्या बाजूचे आहेत. या दोन्ही रीतींपैकी कोणतीही मुळात चूक वा बरोबर नाही. धोका निर्माण होतो तो रस्त्याची रीत आणि रस्त्यावरील वाहन यांचा मेळ बसत नाही तेव्हा.

रीत कशी रूढ झाली

बहुसंख्य लोक उजव्या हाताने काम करणारे असल्याने, समोरून येणाऱ्याकडे शस्त्राचा हात मोकळा राहावा म्हणून स्वार डावीकडून जात असत, असे सांगितले जाते. अमेरिका आणि फ्रान्समध्ये मात्र अनेक घोड्यांचे अवजड मालगाडे प्रचारात आले. त्यांचा हाक्या डाव्या बाजूच्या मागील घोड्यावर बसे. समोरून येणारा गाडा आपल्या डाव्या हाताने गेल्यास चाकांमधील अंतर त्याला नीट दिसे. त्यामुळे तेथे उजवी बाजू रूढ झाल्याचे मानले जाते.

पुढे रीतीचे कायद्यात रूपांतर झाले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याने १७९२ मध्ये एका मार्गासाठी उजव्या बाजूचा नियम केला, तर ब्रिटनने १८३५ च्या महामार्ग कायद्याने डावी बाजू निश्चित केली. ब्रिटिश राजवटीबरोबर हा नियम भारतासह अनेक वसाहतींत पोहोचला. जपान कधीही ब्रिटिश वसाहत नव्हता. परंतु १८७२ मध्ये तेथील पहिला लोहमार्ग ब्रिटिश अभियंत्यांच्या साहाय्याने सुरू झाला आणि डाव्या बाजूच्या रीतीला बळकटी मिळाली.

शेजारी कोण आहे, यालाही महत्त्व असते. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजवी बाजू स्वीकारली. मात्र पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात डावी बाजूच कायम राहिली, कारण सीमेपलीकडील ब्रिटिश भारतात वाहने डावीकडून चालत होती. त्यामुळे १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा तेथील वाहनचालकांना बाजू बदलावी लागली नाही.

कारखान्यात काय बदलते

चालकाचे आसन रस्त्याच्या मध्याकडे असले, तर समोरून येणारे वाहन त्याला स्पष्ट दिसते. म्हणून डाव्या बाजूच्या देशांत मोटारीचे स्टिअरिंग उजवीकडे आणि उजव्या बाजूच्या देशांत ते डावीकडे असते. प्रारंभी अमेरिकेतही स्टिअरिंग उजवीकडे असलेल्या अनेक मोटारी तयार होत. फोर्ड कंपनीने १९०८ मध्ये आणलेल्या ‘मॉडेल टी’ मोटारीत ते डावीकडे बसवले, आणि या मोटारीच्या प्रचंड खपामुळे तीच तेथील प्रमाण पद्धत ठरली.

केवळ स्टिअरिंगचे चाक हलवून भागत नाही. स्टिअरिंगची यंत्रणा, चालकापुढील फलक, पेडलांची जागा आणि काचेवरील वायपरची दिशा या साऱ्यांत बदल करावा लागतो. समोरच्या चालकाचे डोळे दिपू नयेत म्हणून हेडलाइटचा मंद झोत कडेच्या बाजूला कललेला असतो. तोही उलटा करावा लागतो. बसगाड्यांची दारे पदपथाच्या बाजूस घ्यावी लागतात. पेडलांचा क्रम मात्र दोन्ही प्रकारांत सारखाच राहतो; ॲक्सिलरेटर नेहमी उजव्या पायाखालीच असतो.

निर्यात करणाऱ्या कारखान्याला त्यामुळे दोन्ही प्रकार तयार करावे लागतात. पुणे जिल्ह्यातील तळेगाव येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यातून डावीकडे स्टिअरिंग असलेल्या मोटारी मेक्सिकोला पाठवल्या जात. कंपनीने २०१७ मध्ये भारतातील विक्री बंद केल्यावरही २०२० पर्यंत तेथे निर्यातीसाठी उत्पादन चालू होते.

स्वीडन आणि सामोआ

स्वीडनमध्ये वाहने डावीकडून चालत, परंतु बहुतेक मोटारींचे स्टिअरिंगही डावीकडेच होते. पुढील वाहनाला मागे टाकताना चालकाला समोरचे नीट दिसत नसे. शिवाय नॉर्वे व फिनलंड हे शेजारी उजव्या बाजूचे होते. १९५५ च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के मतदारांनी बदलास नकार दिला. तरीही पुढे संसदेने निर्णय घेतला आणि ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे ५ वाजता संपूर्ण देशाने बाजू बदलली. सुरुवातीच्या काळात अपघात घटले, कारण प्रत्येक जण जपून वाहन चालवत होता. ही सावधगिरी ओसरताच त्यांचे प्रमाण पूर्वपदावर आले.

प्रशांत महासागरातील सामोआ या द्वीपराष्ट्राने ७ सप्टेंबर २००९ रोजी नेमका उलटा बदल केला. जर्मन अमलापासून तेथे उजवी बाजू रूढ होती. परंतु सामोआचे हजारो नागरिक न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियात राहतात, आणि तेथील वापरलेल्या, स्वस्त मोटारी उजव्या स्टिअरिंगच्या असतात. त्या आपल्या देशात आणता याव्यात, यासाठी सरकारने डावी बाजू स्वीकारली. या निर्णयास मोठा विरोध झाला. बसगाड्यांची दारे आता रस्त्याच्या मध्याकडे उघडणार, ही बसमालकांची तक्रार होती. बदलाच्या वेळी दोन दिवसांची सुटी देण्यात आली, वेगमर्यादा घटवण्यात आली आणि मद्यविक्रीही थांबवण्यात आली. स्वीडनने मोटारींना अनुरूप अशी रीत निवडली होती. सामोआने बाजारात मिळणाऱ्या मोटारींसाठी रीत बदलली.

म्यानमारची कोंडी

रीत बदलली आणि वाहने मात्र जुनीच राहिली, तर काय होते, हे म्यानमारमध्ये दिसले. जनरल ने विन यांच्या राजवटीत १९७० मध्ये तेथे वाहतूक एकाएकी उजव्या बाजूला नेण्यात आली. त्यामागील कारणांविषयी अनेक वदंता आहेत. तथापि, त्यानंतरही अनेक दशके देशात जपानमधील वापरलेल्या, उजव्या स्टिअरिंगच्या मोटारी व बसगाड्या येत राहिल्या. चालक रस्त्याच्या कडेला बसलेला असल्याने पुढील वाहनाला मागे टाकताना त्याला आपली गाडी जवळजवळ पूर्णपणे समोरच्या वाहतुकीत आणावी लागे. जपानी रचनेच्या बसमधून उतरणारा प्रवासी थेट धावत्या वाहनांसमोर येई. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारने अशा मोटारींच्या आयातीवर निर्बंध आणले.

श्रीमंत देशांनी टाकलेली वाहने गरीब देशांत पुन्हा धावतात, तेव्हा स्वस्त किमतीची दुसरी बाजू अशी समोर येते. खरेदीदाराला किंमत दिसते. धोका मात्र रस्त्यावरील प्रत्येकाच्या वाट्याला येतो.

सीमेवर आणि परदेशात

मणिपूरमधील मोरे येथून म्यानमारमधील तामू येथे जाणाऱ्या वाहनाला सीमेपलीकडे बाजू बदलावी लागते. थायलंड व लाओस यांना जोडणाऱ्या, १९९४ मध्ये खुल्या झालेल्या मैत्री पुलावर वाहने थायलंडच्या रीतीने डावीकडून चालतात आणि लाओसच्या टोकाला सिग्नलच्या साहाय्याने बाजू बदलतात. भारतात, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार, डाव्या स्टिअरिंगचे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवायचे असल्यास त्याला चालू स्थितीतील यांत्रिक अथवा विद्युत संकेतयंत्र असणे बंधनकारक आहे.

अमेरिका, युरोप वा आखाती देशांत जाणाऱ्या भारतीयांनी एक गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवावी. आपल्याकडे रस्त्यावर पाऊल टाकताना पहिले वाहन उजवीकडून येते; त्या देशांत ते डावीकडून येते. लहानपणापासून अंगवळणी पडलेली नजर विमानप्रवासात बदलत नाही. म्हणून परक्या देशात रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना पाहूनच पुढे व्हावे.